लक्ष कुठे असते तुझे?

हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला ते आता आठवत नाही. बहुधा आईनेच विचारला असावा, दूध उतू गेल्यावर. पुढे तो शाळेत बाईंनी विचारला, लग्नानंतर सासूबाईंनी विचारला, आणि ह्यांनी तर इतक्या वेळा विचारला की त्यातले प्रश्नचिन्हसुद्धा झिजून गेले. गंमत अशी की, इतक्या माणसांनी इतक्या वर्षांत विचारलेल्या ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांतल्या एकालाही नको होते. तो प्रश्न नव्हेच. ती पाठीत घातलेली चापट. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी तोच प्रश्न मला विचारला आणि हातातले पेन खाली ठेवून ते उत्तराची वाट पाहत बसले. मला एकदम रडूच आले.

वास्तविक तेथे मी स्वतःसाठी गेले नव्हते. आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे. वर्गात एका जागी बसत नाहीत, वह्या हरवतात, अशी शाळेची चिठ्ठी आली म्हणून त्याला घेऊन आम्ही मंगळवेढ्याहून गेलो होतो. डॉक्टरांनी सहज विचारले, “घरात आणखी कोणी असे आहे का?” ह्यांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी पिशवीत मुलाचे प्रगतिपुस्तक शोधत होते. ते घरी, जेवणाच्या टेबलावर राहिले होते. पुष्कळशा प्रौढांचे निदान असेच मुलाच्या बोटाला धरून होते, असे डॉक्टर म्हणाले.

ह्या विकाराला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. नाव अलीकडचे, १९८७ सालचे. पण माणसे जुनीच आहेत. फ्रँकफुर्टच्या हाइनरिख होफमान नावाच्या डॉक्टरने १८४४ साली आपल्या लहान मुलासाठी एक चित्रांचे पुस्तक केले. पुढे त्यात भर पडत गेली, तीत दोन मुले आली. एक चुळबुळ्या फिलिप. तो जेवताना खुर्चीवर झोके घेतो आणि शेवटी टेबलावरच्या चादरीसकट सगळे जेवण खाली ओढतो. दुसरा हान्स. हा बिचारा आकाशाकडे पाहत चालतो, पाखरे पाहता पाहता नदीत पडतो आणि त्याचे दप्तर वाहून जाते. आमचा मुलगा फिलिप, मी हान्स. फिलिप सर्वांच्या डोळ्यांवर येतो, हान्स येत नाही, आणि मुलींमध्ये हान्सच फार. त्या वर्गात दंगा करीत नाहीत, खिडकीबाहेर पाहतात. मग त्यांना कोण डॉक्टरकडे नेतो? मुली मोठ्या होतात, ‘वेंधळी’ हे नाव घेऊन सासरी जातात.

डॉक्टरांनी एका बैठकीत शिक्का मारला नाही, हे मुद्दाम सांगते. हल्ली हातात मोबाइल असलेला प्रत्येक माणूस “मलाही तेच आहे” म्हणतो. तसे नसते. आधी त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, झोपेची चौकशी केली, मन खिन्न असते का ते विचारले. कारण ह्या सगळ्यांमुळेही लक्ष उडते. मग बालपणाचा पुरावा मागितला. २०१३ सालच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे दुर्लक्षाच्या किंवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी निदान पाच प्रौढपणी असावी लागतात, त्यांची सुरुवात बाराव्या वर्षाच्या आत झालेली असावी लागते आणि घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा जाच झालेला असावा लागतो. आईने ट्रंकेतून माझी जुनी प्रगतिपुस्तके काढली. पाच वर्षे, पाच वेगवेगळी अक्षरे आणि शेरा एकच : हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

जाच म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणे कठीण आहे. चष्मा हरवला, किल्ली हरवली, ह्यावर लोक हसतात, मीही हसते. पण एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी एसटीत विसरले. पन्नास मुलांचे वर्ष त्या गठ्ठ्यात होते. पंढरपूरच्या स्थानकावर कंडक्टरने तो जपून ठेवला होता म्हणून माझी नोकरी राहिली, आणि खुलासा मागवणारा कागद मात्र हाती पडलाच. खुलासा काय लिहायचा? निष्काळजीपणा म्हणावा, तर तो गठ्ठा विसरू नये म्हणून मी मांडीवरच ठेवला होता. खिडकीतून भीमेच्या पात्रातले बगळे दिसले आणि गठ्ठा मांडीवरून शेजारच्या बाकावर कधी गेला, ते मला आजही सांगता येत नाही.

माझ्या नावापुढे एम.ए. एवढेच आहे. पीएच.डी.साठी नाव नोंदवले होते. विषय आमच्या गावचे संत. दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा ही सगळी मंडळी मंगळवेढ्याशी जोडलेली. सामग्री दारात होती. मार्गदर्शकांना पहिले प्रकरण हवे होते आणि मी चार महिने अभंगांतले शेतीचे शब्द गोळा करीत बसले. रात्रीचे तीन वाजलेले कळत नसत. बाराशे चिठ्ठ्या झाल्या, प्रकरण झाले नाही, मुदत संपली. म्हणून ‘अवधान-न्यूनता’ हे नावच मला फसवे वाटते. अवधान कमी नसते. ते आपल्या हुकमतीत नसते. आवडीच्या ठिकाणी ते चिकटते ते सुटत नाही, आणि नावडत्या कामाला कितीही ओढले तरी येत नाही. काय करायचे ते ठाऊक असते. ठाऊक असलेले वेळेवर हातून घडत नाही, ही खरी अडचण.

वडीलधाऱ्यांनी आम्हाला गीतेचा उपाय सांगितला. सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो आणि भगवान त्याला अभ्यास व वैराग्य सांगतात. त्या उत्तराला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मी ते वर्गात शिकवते. पण अर्जुनाचे मन सर्वांचेच मन आहे. शंभर प्रौढांत सुमारे दोघातिघांना त्याहून काही वेगळे होते. मेंदूत कामाला आरंभ करून देणारी आणि मोहाला थोपवून धरणारी जी यंत्रणा असते, तिची घडणच जरा निराळी असते. ही घडण उंचीइतकीच घराण्यातून उतरते, असे जुळ्यांच्या अभ्यासावरून दिसते. डोळ्याचा नंबर असलेल्या माणसाला आपण निश्चयाने पाहा असे सांगत नाही.

औषधे आहेत, आणि त्यांचा इतिहासही मौजेचा आहे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली ह्या डॉक्टरने काही मुलांना डोकेदुखीवर उत्तेजक गोळी दिली. डोकेदुखी बाजूला राहिली आणि मुले गणिते करू लागली! १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले आणि बायकोच्या, रिटाच्या, नावावरून त्याला रिटॅलिन नाव दिले. आपल्याकडे हे औषध कडक नियमांखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते, आणि ते योग्यच आहे. भूक, झोप, रक्तदाब यांवर नजर ठेवावी लागते. सर्वांना ते मानवते असे नाही. मला मानवले. पहिल्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. मी ओट्यावरची भांडी घासायला घेतली आणि ती घासून संपली, एवढेच. मधे उठून मी कपाट आवरले नव्हते, फोन केला नव्हता, गच्चीवर गेले नव्हते. ह्यांनी दारातून पाहिले आणि चहा ठेवला.

बाकीचे काम गोळी करीत नाही. मला तास म्हणजे किती, हे आतून कळत नाही; म्हणून प्रत्येक खोलीत काट्यांचे घड्याळ लावले. उत्तरपत्रिका घरी आणणे बंद केले. त्या आता कॉलेजातच, एका सहकारी बाईंच्या शेजारी बसून तपासते. त्या आपले काम करतात, मी माझे, बोलत नाही. शेजारी कोणी बसले की मन पळत नाही, का ते मन जाणे. दूध मात्र अजून उतू जाते. पण आता “लक्ष कुठे होते?” असे विचारले तर हे उत्तर ऐकून घेतात, आणि उत्तर पुष्कळदा लांबलचक असते, त्यामुळे विचारणे आपोआप कमी झाले आहे. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ सहसा नसतात. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येते. सुरुवात तेथूनही करता येईल.

राहता राहिले अण्णा, माझे वडील. “घराण्यातून उतरते” असे डॉक्टर म्हणाले तेव्हाच मला ते दिसले होते. अण्णा तीनदा मॅट्रिकला बसले. एका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अकरा महिन्यांत हिशेबाचे कागद हरवल्यावरून परत आले. “हलगर्जी माणूस” हे शब्द आजोबांनी चारचौघांत काढले, ते अण्णांनी पन्नास वर्षे बाळगले. मग त्यांनी शेती धरली. आमच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी होते. तिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कणसात दूध भरू लागले की पाखरांच्या झुंडी उतरतात, आणि मग माळ्यावर उभे राहून, हातात गोफण घेऊन दिवसभर राखण करावी लागते. इतरांना त्याचा कंटाळा. अण्णांना कधीच आला नाही. चारी कोपऱ्यांत कुठे पान हलले तरी त्यांची मान तिकडे वळायची. दुसऱ्यांच्या रानातूनही त्यांना राखणीला बोलावणे यायचे. असल्या माणसांची जात शिकाऱ्यांची, असा एक तर्क पाश्चात्त्यांत आहे. तो सिद्ध झालेला नाही, आणि मला त्यावर इमला उभारायचा नाही. माळ्यावरून उतरल्यावर बी-बियाण्याचा हिशेब अण्णांना करावाच लागे, आणि तो चुके.

निदान झाल्यावर मी त्यांना सगळे समजावून सांगितले. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे आळस न्हवता म्हण की.”

मी म्हटले, “नव्हता, अण्णा.”

“तुझ्या आज्याला सांगायला पायजे हुतं,” ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसले.

गेल्या पौषात हुरड्याला आम्ही सगळे रानात गेलो होतो. नातू आणि आजोबा माळ्यावर चढले, ते अंधार पडेपर्यंत उतरले नाहीत. दोघेही हाका मारून मारून घसा बसलेले. गणिताचा गृहपाठ करायला म्हणून मुलाने बरोबर नेलेली वही माळ्यावरच राहिली. ती दोन दिवसांनी वाटेकऱ्याच्या पोराने आणून दिली. तिच्या शेवटच्या पानावर दोघांनी मिळून कुठल्या बाजूने किती थवे आले ते मांडून ठेवले होते.