सातारा की सांगली?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना तुम्ही कधी गेला आहात का? बोलींचा पुकारा, हमालांच्या हाका, ट्रकची घरघर! तरीही शेजारी उभे असलेले वडील काय म्हणतात ते तुम्हांला कळते. तेच बोलणे एका मायक्रोफोनने मुद्रित करून घरी ऐका. बोलण्यापेक्षा गोंगाटच अधिक! असे का व्हावे?

आपल्याला कान दोन आहेत. एकच आवाज दोन्ही कानांना किंचित मागेपुढे आणि कमीअधिक पोहोचतो. त्या फरकावरून मेंदू हवा तो आवाज निवडतो. एकट्या मायक्रोफोनकडे मात्र सगळ्या आवाजांची बेरीज तेवढी येते.

हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. शेतकऱ्याने फोनवर पिकाचे व जिल्ह्याचे नाव उच्चारावे आणि यंत्राने बाजारभाव सांगावा, अशा मराठी यंत्रणेवर २०१० नंतरच्या काळात मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम झाले. आता पाहा, ‘सातारा’ आणि ‘सांगली’ दोन्ही ‘सा’नेच सुरू होतात. पुढची अक्षरे हॉर्नखाली बुडाली, तर सांगलीचा भाव विचारणाऱ्याला साताऱ्याचा भाव मिळायचा!

यावर उपाय काय? समजा, दोन मायक्रोफोन ३५ सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि बोलणारा त्याच रेषेत एका बाजूला उभा आहे. उन्हाळ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे दुसऱ्या मायक्रोफोनला आवाज एक सहस्रांश सेकंद उशिरा मिळेल. पहिल्याचा संकेत तेवढाच थोपवून दोहोंची बेरीज केली, की बोलण्याच्या लहरींचे उंचवटे एकमेकांवर बसतात. आवाजाची उंची दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट होते. इतर दिशांच्या गोंगाटाचे उंचवटे मात्र जुळत नाहीत. त्याची ऊर्जा साधारण दुप्पटच होते. म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत बोलणे दुपटीने वर आले. चार मायक्रोफोन घेतले तर चौपटीने!

पण ट्रकची खोल घरघर या युक्तीला दाद देत नाही. सेकंदाला १०० कंपने असलेल्या ध्वनीची लहर साडेतीन मीटर लांब असते. ३५ सेंटिमीटर म्हणजे तिचा जेमतेम दहावा भाग. त्यामुळे तिचे उंचवटे दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात व तेही एकमेकांत मिळून जातात.

येथे बेरजेऐवजी वजाबाकी उपयोगी पडते. एक मायक्रोफोन तोंडाजवळ, दुसरा इंजिनाजवळ ठेवायचा. पहिल्यात बोलणे व घरघर, दुसऱ्यात नुसती घरघर. दुसऱ्याची तीव्रता व वेळ सतत जुळवून घेत ती पहिल्यातून वजा करायची. बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवरील विख्यात निबंध १९७५ साली प्रसिद्ध केला. मात्र दुसऱ्या मायक्रोफोनमध्ये बोलणे शिरता कामा नये. नाहीतर गोंगाटाबरोबर तेही वजा होईल. आजच्या अनेक मोबाइल फोनांत तोंडापासून दूर आणखी एक मायक्रोफोन असतो, तो अशाच कामासाठी.

मधल्या सुट्टीत एक प्रयोग करा. वर्गात दंगा चालू असताना डोळे मिटा. मित्राला थोड्या अंतरावरून, हळू आवाजात, ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ म्हणायला सांगा. दहा वेळा दोन्ही कानांनी ऐका, दहा वेळा एक कान बोटाने बंद करून. किती चुकले ते वहीत मांडा. दुसऱ्या कानाचे मोल तुमचे तुम्हांलाच कळेल!