शस्त्रक्रिया, रक्तस्राव आणि जीवनसत्त्वें

शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर रोग्यास विचारतात, "कोणतें औषध चालू आहे काय?" पुष्कळ रोगी मोकळ्या मनानें सांगतात, "कांहीं नाहीं." घरच्या फडताळांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या असतात, माशाच्या तेलाच्या कुप्या असतात, लसणीच्या अर्काची बाटली असते, परंतु तीं औषधें आहेत असें त्यांस वाटतच नाहीं. तें आपलें शक्तीसाठीं घ्यावयाचें टॉनिक! हा समज वाटतो तितका निरुपद्रवी नाहीं. रक्त गोठण्याचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध किती निकटचा आहे हें जगास प्रथम कोंबडीच्या पिलांनीं शिकविलें.

कोपनहेगन येथें १९२९ च्या सुमारास हेन्रिक डाम हे शास्त्रज्ञ पिलांना स्निग्धांशरहित आहार देऊन प्रयोग करीत होते. त्या पिलांच्या कातडीखालीं व स्नायूंत रक्तस्राव होऊं लागला. लिंबांतील 'क' जीवनसत्त्व देऊनहि गुण येईना. १९३५ सालीं डाम यांनीं हें निराळेंच जीवनसत्त्व असल्याचें ठरविलें आणि गोठण्याच्या क्रियेस असलेल्या 'कोआगुलेशन' या शब्दाच्या त्यांच्याकडील आद्याक्षरावरून त्यास 'के' असें नांव दिलें. आपल्याकडे 'क' आणि 'के' यांचा घोटाळा नेहमीं होतो, तो येथें तरी होऊं नये.

यकृत रक्त गोठविणारीं अनेक द्रव्यें तयार करतें. त्यांपैकीं चार मुख्य द्रव्यें 'के' वांचून निकामी राहतात. हें जीवनसत्त्व आंतड्यांतून शोषिलें जाण्यास पित्त लागतें. पित्तनलिकेंत खडा अडकून कावीळ झालेल्या रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यास पूर्वींचे शल्यवैद्य कां कचरत, याचा उलगडा यावरून झाला. शस्त्रक्रिया उत्तम पार पडे, आणि नंतर रक्त थांबत नसे. १९३८ पासून अशा रोग्यांना 'के' देण्यास प्रारंभ झाला आणि तें भय पुष्कळच ओसरलें.

याची दुसरी बाजू अमेरिकेंतील गोठ्यांत दिसली. १९२० नंतर कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत, बुरशी आलेली स्वीट क्लोव्हरची वैरण खाल्लेलीं जनावरें शिंगें कापल्यावर किंवा खच्ची केल्यावर रक्त वाहून मरूं लागलीं. विस्कॉन्सिन येथें कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेंत १९३९ सालीं त्या वैरणींतील विषारी द्रव्य हातीं लागलें. 'के' चें कार्य तें बंद पाडतें. त्याच कुळांतील वॉरफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं निघालें, आणि पुढें हृदयरोग्यांचें औषध बनलें!

'ई' जीवनसत्त्व फार मोठ्या मात्रेनें घेतल्यास तेंहि 'के' च्या आड येतें. वॉरफरिन घेणाऱ्या एका रोग्यानें 'ई' च्या गोळ्याहि चालू ठेवल्यामुळें त्यास रक्तस्राव झाल्याची नोंद १९७४ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

लसणीचा अर्क आणि गिंको यांचा मार्ग वेगळा. जखमेच्या तोंडाशीं प्रथम धांवतात त्या रक्तांतील बिंबिका. त्यांचें एकमेकींस चिकटणें हीं द्रव्यें कमी करतात असें मानलें जातें. अ‍ॅस्पिरिन तर या कामांत निश्चित प्रबळ आहे. बिंबिकेचें सारें आयुष्यच आठदहा दिवसांचें, आणि अ‍ॅस्पिरिनचा परिणाम तिला जन्मभर पुरतो. माशाच्या तेलावरहि हाच आरोप होता. परंतु हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें दीड हजार रोग्यांच्या २०१८ मधील अहवालांत त्यानें रक्तस्राव वाढल्याचें आढळलें नाहीं. सर्वच गोळ्यांना एका माळेंत ओंवणें बरोबर नाहीं. आमटींतील लसणीनें किंवा भाजींतील हळदीनेंहि भिण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो अर्काच्या मोठ्या मात्रेचा.

अशा वनस्पतिजन्य गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वीं साधारणतः दोन आठवडे बंद ठेवण्यास सांगतात. मात्र वॉरफरिन किंवा अ‍ॅस्पिरिन रोग्यानें आपल्या मतानें कधींच सोडूं नये. ज्याच्या हृदयांत कृत्रिम झडप आहे त्याच्या बाबतींत रक्ताची गुठळी हें रक्तस्रावाइतकेंच मोठें संकट. वॉरफरिन चालू असतां 'के' असलेली बहुजीवनसत्त्वांची गोळी किंवा एकाएकीं रोज पालक-मेथी सुरू केल्यानेंहि औषधाचा जोर कमी होतो.

तातडीच्या शस्त्रक्रियेस दोन आठवड्यांची सवड कोठची! तेव्हां घरच्या माणसांनीं फडताळांतील सगळ्या बाटल्या उचलून भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढें ठेवाव्या. वॉरफरिनचा परिणाम उतरविण्यास शिरेंतून दिलेलें 'के' सुद्धां कित्येक तास घेतें. म्हणून अशा वेळीं त्याच्या जोडीला गोठविणारीं द्रव्यें किंवा रक्तरस द्यावा लागतो, आणि त्याची तजवीज आधीं करावी लागते.