कापसाला भेंडीची पानं!

गॅरेजमध्ये ट्रॉलीला रंग मारणारा पेंटर पाहिलाय? लाल रंग संपला की तो स्प्रे गनमध्ये थिनर ओततो, घोडा दाबतो आणि फुस्सऽऽ करून सगळं उडवून टाकतो. नाहीतर पुढची पांढरी ट्रॉली गुलाबी व्हायची! त्याची चूक निदान लगेच दिसते. शेतातल्या पाठीवरच्या फवारणी पंपाचं तसं नाही. आत काय उरलंय ते डोळ्यांना दिसतच नाही. दिसतं ते थेट कापसाच्या पानावर, तेही काही दिवसांनी.

आपल्या परभणी जिल्ह्यात कापूस आहे, तसा गोदाकाठी आणि जायकवाडीच्या कालव्यावर ऊसही आहे. उसातलं तण मारायला टू-फोर-डी नावाचं तणनाशक वापरतात. हे भारी सोंगाडं बरं का! झाडाची वाढ सांभाळणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक असतं, त्याचंच सोंग हे घेतं. रुंद पानांचं तण फसतं, वेडंवाकडं वाढतं, पिळवटतं आणि मरतं. ऊस आणि ज्वारी गवताच्या कुळातले, ते सहसा निभावून नेतात. कापूस मात्र रुंद पानांचा आणि या औषधाला फारच हळवा. पंपात राहिलेला थोडासा अंशही त्याला पुरतो. नवी पानं अरुंद, लांब बोटांची फुटतात. शेतकरी म्हणतात, “कापसाला भेंडीची पानं आली!” कापूस आणि भेंडी खरंच एका कुळातले आहेत, पण इथं दोष नात्याचा नाही, पंपाचा.

पंप विसळला तरी औषध लपतं कुठं? रबरी नळीत, वायसरात, जाळीत, नोझलमध्ये. पुढच्या वेळी कीटकनाशक भरलं की त्यातला साबणासारखा घटक हा चिकटलेला अंश सोडवतो, आणि तो जातो कापसावर! म्हणून पाणी भरून ते नळीतून, नोझलमधून बाहेर मारायचं, तेही तीनदा. जाळी आणि नोझल सुटं करून ब्रशनं घासायचं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, विष पोटात जाईल. तारही खुपसायची नाही, भोक मोठं होतं. धुतलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात सोडायचं नाही. हे सारं मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं. तुम्ही लांबच थांबा.

एवढं करूनही पक्की खात्री नसते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवलेला बरा. तुमच्यासाठी एक काम आहे : जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात ‘फक्त तणनाशक’ असं लिहा आणि तो पंपाला बांधायला बाबांकडे द्या.