मोटारखान्याची जमीन : लेपापूर्वीची तयारी

शेणाने जमीन सारवण्यापूर्वी ती नीट करून घेण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. उखडलेले पोपडे खरवडावयाचे, भेगा बुजवावयाच्या, पाण्याचा शिडकावा करून चोपण्याने भुई घट्ट करावयाची आणि मगच सारवणाचा हात फिरवावयाचा. सारवण किती टिकेल हे वरच्या हातापेक्षा खालच्या भुईवर अवलंबून असते, हे घरची जाणती स्त्री पुरते ओळखून असे. आज अनेक शहरी घरांत मोटारखान्याच्या जमिनीवर इपॉक्सीचा चकचकीत लेप देतात. साहित्य बदलले आहे. नियम मात्र तोच आहे. तो समजून घेण्यास लखनौसारखे दुसरे चांगले शहर क्वचितच सापडेल. चुन्याचे जुने बांधकाम आणि सिमेंटचे नवे बांधकाम ही दोन्ही तेथे एकाच गावात पाहावयास मिळतात.

नवाब आसफउद्दौला याने १७८४ साली, दुष्काळाच्या दिवसांत लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याच्या मुख्य दालनाची लांबी सुमारे ५० मीटर आहे. तरीही त्याच्या छताला लाकडी वा लोखंडी तुळईचा आधार नाही. पातळ लखौरी विटा आणि चुना व सुर्खी यांचा गारा एवढ्यावरच हा सारा डोलारा उभा आहे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा कठीण होतो. परंतु त्याची सूक्ष्म छिद्रे मोकळी राहतात. जमिनीतून ओल वर चढली तरी ती या छिद्रांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर पडते. बांधकाम जणू श्वास घेत असते.

गोमतीनगर किंवा इंदिरानगर यांसारख्या नव्या वसाहतींतील मोटारखान्यांची जमीन बहुधा सिमेंट काँक्रीटची असते. ती वरून कितीही घट्ट दिसली, तरी तिच्या पोटातही केसासारख्या सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांतून खालची ओल वर येते. उघड्या जमिनीवरून ही ओल नकळत उडून जाते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

इपॉक्सी ही एक कृत्रिम राळ आहे. स्वित्झर्लंडमधील पियर कास्तान आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या १९३० ते १९५० या काळातील संशोधनातून ती पुढे आली. साधा रंग पातळ करणारे द्रव्य उडून गेल्यामुळे वाळतो. इपॉक्सी तशी वाळत नाही. राळ आणि हार्डनर एकत्र येताच त्यांच्यात रासायनिक क्रिया घडते आणि एकसंध, कठीण थर तयार होतो. तेल, पेट्रोल व पाणी यांना तो दाद देत नाही. हाच त्याचा मोठा गुण. आणि ओलसर जमिनीवर हाच त्याचा दोष ठरतो. खालून आलेल्या ओलीला वाट मिळत नाही. ती लेपाला उचलू लागते, फोड येतात आणि मोटारीच्या तापलेल्या चाकाबरोबर पापुद्रे निघतात. घरधनी लेपाला दोष देतो. पण दोष जमिनीच्या तयारीत असतो.

म्हणून पहिले काम परीक्षेचे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पॉलिथीनचा पारदर्शक तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. निदान १६ तासांनी तो उचलून पाहावा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर जमीन ओली आहे असे समजावे. दोन-तीन जागी आणि शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस ही परीक्षा घ्यावी. कारण मे महिन्यात कोरडी ठरलेली जमीन ऑगस्टमध्ये तशीच राहील असे नाही. ओल आढळल्यास छपराचे पाणी भिंतीलगत साचते काय, नाली फुटली आहे काय, हे आधी पाहावे. कारण दूर होत नसेल, तर लेपाचा विचार सोडून द्यावा. जमीन उघडी ठेवणेच अधिक शहाणपणाचे. नवे काँक्रीट असेल, तर निदान २८ दिवस थांबावे.

जमीन कोरडी ठरली, की सफाई करावी. तेलाचे डाग साबणाने वा ग्रीस काढणाऱ्या द्रव्याने घासून काढावेत. नंतर वरचा गुळगुळीत, कमकुवत थर यंत्राने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा. काही जण यासाठी पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात; परंतु आम्लाने तेल निघत नाही आणि नंतर सोडा घालून भरपूर पाण्याने जमीन धुवावी लागते. आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. शेवटी पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे. ते लगेच शोषले गेले तर जमीन तयार झाली. मोत्यांसारखे उभे राहिले तर घासणे अपुरे आहे. धुतलेली जमीन पूर्ण वाळू द्यावी, भेगा बुजवाव्यात आणि धूळ शोषून घेणाऱ्या यंत्राने काढावी.

मुहूर्तही महत्त्वाचा आहे. लखनौला उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा कालवलेली राळ डब्यातच तापून घट्ट होते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात जमिनीवर दव बसते आणि लेपावर मेणचट साय येते. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे. या दृष्टीने पावसाळा ओसरल्यानंतरचे किंवा हिवाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम. राळ व हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेलेच घ्यावे. हार्डनर अधिक घातल्याने लेप अधिक कठीण होत नाही, उलट बिघडतो. थोडे-थोडे कालवावे, आधी प्राइमरचा हात द्यावा, हातमोजे घालावेत, दारे उघडी ठेवावीत आणि मुलांना दूर ठेवावे. ओल्या चपला घसरू नयेत म्हणून लेपावर बारीक वाळू पेरता येते. मोटार मात्र साधारण आठवडाभर बाहेरच उभी करावी.

चौकसारख्या जुन्या मोहल्ल्यातील चुन्याच्या जमिनीवर हा लेप देण्याचा मोह टाळावा. ज्या जमिनीचे आयुष्य ओल बाहेर टाकण्यावर अवलंबून आहे, तिचे तोंड बंद केल्यास ओल भिंतींकडे वळते आणि गिलावा फुगून गळू लागतो. तेथे चुन्यानेच डागडुजी करणे इष्ट. जमीन कोणत्या जातीची आहे आणि तिच्या पोटात काय आहे, हे ओळखून मगच तिच्यावर हात फिरवावा. दोन दिवसांच्या लेपासाठी तयारीचे आठ दिवस गेले, तरी ते वाया गेले असे समजू नये. लेप टिकतो तो त्याच दिवसांच्या बळावर.