टीव्ही म्हातारा झाला, आता काय करायचं?

शाबानचा महिना होता, साल २०२४. रात्री जेवणं आटोपल्यावर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर बसल्या. धाकट्याने रिमोट दाबला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं आणि मग एक ओळ आली : हे ॲप आता या टीव्हीवर चालणार नाही. धाकट्याने टीव्ही बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ.

अम्मींना सिनेमा-मालिकांची आवड नाही. त्यांना टीव्ही लागतो तो रमजानमध्ये, मक्केची तरावीह बघायला. तिथली इशा आपल्याकडे रात्री अकराच्या सुमाराला होते. अब्बा हयात असताना दोघं मिळून बघत. अब्बा गेल्यावर अम्मी एकट्या बघतात, पण चुकवत नाहीत. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही. म्हणजे आमच्या घरात टीव्ही ही चैन असली, तरी त्या एका महिन्यापुरती ती चैन नव्हती.

टीव्ही २०१७ साली घेतलेला, बत्तीस इंची. चित्र स्वच्छ, आवाज ठीक. मग बिघडलं काय? दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, "भाभी, टीव्ही धडधाकट आहे. त्याचं डोकं म्हातारं झालंय."

हे डोकं म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. स्मार्ट टीव्हीत दोन वस्तू एकत्र असतात. एक पडदा आणि दुसरा छोटासा संगणक. पडदा आठ-दहा वर्षं सहज टिकतो. संगणक मात्र चार-पाच वर्षांत मागे पडतो. स्वस्तातल्या टीव्हीत रॅम जेमतेम एक जीबी आणि साठवणीची जागा आठ जीबी असते. ॲप दरवर्षी जड होत जातात, टीव्हीची जागा तेवढीच राहते. पुढे कंपनी जुन्या मॉडेलचे अपडेट बंद करते आणि ॲपवालेही हात काढून घेतात. २०१९च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवरची सेवा अशीच थांबवली होती. त्या टीव्हींचे पडदे काही एका रात्रीत फुटले नव्हते.

घरात मात्र त्याच रात्री चर्चा सुरू झाली. धाकट्याला पंचावन्न इंची हवा होता. दीर कुवेतला असतात. ते फोनवर म्हणाले, "भाभी, मोठाच घ्या, पैसे मी पाठवतो." पण त्यांचं स्वतःचं घर अर्धवट बांधून पडलंय, त्यांच्याकडून घेणं मुलांच्या अब्बांना पटेना. आमच्याकडची शिल्लक थोरलीच्या अकरावीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेली. शेवटी मुलांचे अब्बा म्हणाले, "हप्त्यांवर घेऊ. दुकानात पाटीच आहे, बिनव्याजी हप्ता." अम्मी इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बिनव्याजी असेल तर घ्या. पण आधी विचारून या, व्याज खरंच नाही की नुसतं दिसत नाही?"

त्यांनी दुकानात जाऊन कागद मागितला. त्यात असं निघालं : बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधीच कमी करते, त्यामुळे गिऱ्हाइकाला हिशेब सारखा वाटतो. पण बँकेच्या पत्रकात व्याजाचा रकाना असतो, हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि बहुतेक वेळा वर प्रक्रिया शुल्क असतं. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला कधी कधी मिळत नाही, ते निराळंच. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. काही दुकानदार मात्र बँकेला मध्ये न घेता, ओळखीवर स्वतःच तीन-चार महिन्यांत पैसे घेतात, किंमत तीच ठेवून. तो व्यवहार वेगळा. ज्यांना शंका असेल त्यांनी कागद घेऊन आपल्या जाणत्या आलिमांना विचारावं. आम्ही हप्त्यांचा विचार सोडला.

मग तरावीहचं काय? वाट दुरुस्तीवाल्यानेच दाखवली. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक असेल, तर त्यात बसणारी स्ट्रीमिंग स्टिक मिळते. बोटभर लांबीची वस्तू. वाय-फायला जोडली की टीव्हीला नवं डोकं मिळतं, पडदा जुनाच राहतो. साडेतीन हजारांच्या आत काम झालं. चाँदरात यायच्या आधी अम्मींच्या पडद्यावर हरमचं चित्र आलं आणि थोरलीच्या फीला हात लावावा लागला नाही.

ज्या घरात टीव्ही फक्त संथ झालाय, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच. आधी सेटिंगमध्ये जाऊन न लागणारी ॲप काढून टाका. अपडेट आहे का बघा. एकदा फॅक्टरी रिसेट करा. राऊटर दूर असेल तर जवळ आणून बघा, कारण पुष्कळदा दोष वाय-फायचा असतो आणि शिव्या टीव्हीला बसतात. तरीही जमलं नाही तर स्टिक घ्या. केवळ ॲप चालत नाही म्हणून पंचवीस-तीस हजार घालवू नका.

ती स्टिक दीड वर्ष चालली. त्या काळात मी एक केलं. मोहल्ल्यातल्या आम्ही बाराजणींनी भिशी सुरू केली, महिना अडीच हजारांची. उचलणाऱ्या बाईच्या हाती तीस हजार येतात, व्याज नाही, कटौती नाही. माझी पाळी मी मुद्दाम शेवटाकडे मागून घेतली, कारण मला घाई नव्हती.

२०२५च्या पावसाळ्यात टीव्हीचा आवाज येई पण चित्र काळं. कुणाच्या घरी असं झालं तर अंधारात मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरून बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर पडदा शाबूत आहे, मागचा उजेड गेलाय. त्या एलईडीच्या पट्ट्या बदलता येतात. आम्हाला दोन हजार आठशे सांगितले. पडदाच तडकला असेल तर मात्र दुरुस्ती जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीत जाते, तिथे थांबलेलं बरं.

आता पेच पडला. दुरुस्ती स्वस्त होती. पण अम्मींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बत्तीस इंचांवर खालचा तर्जुमा त्यांना वाचता येत नव्हता. भिशीचे पैसे हाताशी येणार होते. अम्मींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "नवा घ्या, पण दुरुस्त होण्यासारखी वस्तू भंगारात टाकली तर तो इसराफ. तो कुणाच्या तरी कामी यायला हवा." आम्ही ते मान्य केलं.

३ सप्टेंबरला बातमी आली की बत्तीस इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के होणार, २२ सप्टेंबर २०२५पासून. तीन आठवडे थांबलो. हिशेब सोपा आहे. मूळ किंमत पंचवीस हजार धरली तर आधी कर धरून बत्तीस हजार होत, आता साडेएकोणतीस हजार. बत्तीस इंच आणि त्याहून लहान टीव्हींना आधीपासूनच अठरा टक्के होता, त्यांना फरक पडला नाही.

दुकानात जायच्या आधी थोरलीने घरी मापं घेतली. टीव्हीचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, तिरके असतात. बसण्याचं अंतर इंचात मोजायचं. टीव्हीच्या इंचांच्या दीडपट ते दुप्पट अंतर असलं तर फोर-के पडद्यासाठी ते बरं. आमच्या सोफ्यापासून भिंत साडेसहा फूट, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच. त्रेचाळीसची दीडपट साडेचौसष्ट, हा बसतो. पंचावन्नची साडेब्याऐंशी, हा बसत नाही. तरी धाकटा ऐकेना. मग तिने वर्तमानपत्रं जोडून दोन कागद भिंतीवर चिकटवले, एक पंचाण्णव सेंटिमीटर रुंदीचा आणि एक एकशे बावीसचा. मोठा कागद दरवाज्याच्या चौकटीवर चढला. वाद तिथेच मिटला.

दुकानात आम्ही काय बघितलं, ते सांगते. कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं, रॅम आणि जागा. दोन जीबी रॅम आणि सोळा जीबी जागा याहून कमी घेऊ नका. वर्षानुवर्षं चालायचं असेल तर मोठ्या पडद्यापेक्षा याला महत्त्व द्या.

दुसरं, मॉडेल कोणत्या सालचं. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो, तो वाचा. पण मॉडेल बाजारात कधी आलं तेही विचारा. अपडेटची वर्षं साधारण तिथून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नाही. सेलमधला दोन वर्षं जुना माल स्वस्त दिसतो, पण त्याचं आयुष्य तेवढं सरलेलं असतं.

तिसरं, नावांना भुलू नका. क्यूएलईडी हा एलसीडीचाच प्रकार, रंग सुधारणारा थर बसवलेला. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो आणि किंमतही बरीच जास्त. घरच्या वापराला साधा चांगला फोर-के पुरतो. डिश किंवा केबलचे चॅनेल फोर-के नसतात. इंटरनेटवरून फोर-के बघायला साधारण पंधरा एमबीपीएसचा सलग वेग लागतो.

चौथं, बाजूला उभं राहून बघा. आपल्या घरात सगळे समोर बसत नाहीत, कुणी जमिनीवर, कुणी कोपऱ्यात. काही पडदे बाजूने फिके दिसतात. दुकानात टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात, साधा मोड लावायला सांगा. आवाजही ऐका, पातळ टीव्हीत आवाज दुबळा असतो.

पाचवं, रिमोट घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. अम्मींना आम्ही सोबत नेलं होतं. एका रिमोटची बटणं त्यांना बोटाला लागेचनात. तो टीव्ही आम्ही घेतला नाही.

सहावं, पक्कं बिल, वॉरंटीचं कार्ड आणि जवळचं सेवा केंद्र. घरी आल्यावर खोकं पोचवणाऱ्यासमोर उघडा, टीव्ही लावून बघा, मोबाइलवर चित्रण करा. तक्रार कुणी ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विजेचंही बघा. शंभर वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला पंधरा युनिट. स्टारचं लेबल वाचून घेतलेलं बरं. कोकणात आमच्याकडे विजा कडाडल्या की टीव्ही जातात. गडगडाट सुरू झाला की प्लगच काढायचा, नुसता रिमोटने बंद करून भागत नाही.

टीव्ही भिंतीवर चढला त्या रात्री मुलांच्या अब्बांनी आधी सेटिंग लावली. मुलांसाठी पिन, खरेदीला पिन. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण काय बघतो याची नोंद काही टीव्ही कंपनीकडे पाठवतात. अमेरिकेत विझिओ या कंपनीला अशाच प्रकरणात २०१७ साली बावीस लाख डॉलर भरावे लागले. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी काढून टाकता येते. घरात लहान मूल असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही लक्षात ठेवा : दोन वर्षांचं होईपर्यंत पडदा नाहीच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नाही. टीव्ही मोठा झाला म्हणून वेळ मोठा व्हायला नको.

आणि जुना? दुकानदाराने एक्सचेंजमध्ये सातशे रुपये सांगितले. आम्ही दोन हजार आठशे खर्चून पट्ट्या बदलल्या, आपली खाती त्यातून काढली, रिसेट केला आणि स्टिकसकट नणंदेच्या घरी दिला. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, सासरे अंथरुणाला खिळलेले. तुमचा टीव्ही अगदीच कामातून गेला असेल तर तो फोडून तारा काढणाऱ्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर आहे, त्यांच्या सेवा केंद्रात विचारा. माळ्यावर जुना डब्बा टीव्ही पडला असेल तर जास्तच जपा, त्याच्या काचेत शिसं असतं.

यंदाच्या रमजानमध्ये पहिल्या तरावीहला अम्मी त्यांच्या खुर्चीत बसल्या. तर्जुमा वाचताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला, मग म्हणाल्या, "दिसतंय." थोड्या वेळाने नणंदेचा फोन आला. त्यांच्याकडेही सासऱ्यांना तेच लावून दिलं होतं.

अम्मींनी विचारलं, "चित्र नीट येतंय ना त्यांना?"

"येतंय अम्मी," ती म्हणाली, "अगदी नीट येतंय."