वाढीव वॉरंटीचा कागद आणि खारे पाणी

फ्रिज घ्या, टीव्ही घ्या, धुण्याचे यंत्र घ्या. पैसे मोजून होताच दुकानदार आणखी एक कागद हळूच पुढे सरकवतो. थोडे जास्त भरा, पुढच्या दोन वर्षांची काळजी मिटली! ही ‘वाढीव वॉरंटी’ आता होडीच्या इंजिनापर्यंत येऊन पोचली आहे.

रेवसला राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा होडीचे जुने इंजिन काढून नवे बसवायचे ठरवले. त्याच्यापुढेही विक्रेत्याने तो कागद ठेवला. “मामा, घेऊ की नको?” त्याने मला विचारले. प्रश्न साधा वाटतो, पण कर्ज काढून इंजिन घेणाऱ्या नाखव्याला तो साधा नसतो. मासेमारीच्या भर दिवसांत होडी आठ दिवस किनाऱ्याला लागली, तर हप्ता थांबत नाही आणि खलाशांची पोटेही थांबत नाहीत. तो कागद मी दोन रात्री बसून वाचला. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

होडीवर खर्च तीन वाटांनी येतो. वादळ, टक्कर, बुडणे हा अपघात, त्याला विमा. कारखान्यातच राहून गेलेला दोष, त्याला वॉरंटी. आणि रोजची झीज. तिला आपला खिसा. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस नको तिथे पैसे भरतो. गंमत अशी की, १९६३ च्या सागरी विमा कायद्यात ‘वॉरंटी’ या शब्दाचा रोख नेमका उलटा आहे. तिथे हमी नौकेच्या मालकाने विमा कंपनीला द्यायची असते. एका सफरीपुरता विमा असेल, तर निघताना नौका समुद्रात जाण्याजोगी आहे ही हमी कागदावर नसली तरी गृहीत धरलेली असते. रेवसकरांना या शब्दांचे वजन समजावून सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्रावर काय पणाला लागते, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर इंजिनाचे काय बिघडते ते पाहा. रेवस धरमतर खाडीच्या तोंडावर आहे. पाणी खारे आणि गढूळ. इंजिन थंड ठेवायला हेच पाणी आत ओढले जाते. त्यातल्या गाळाने पंपाचा रबरी पंखा झिजतो, पाण्याच्या नळ्या तुंबतात आणि इंजिन तापते. खाऱ्या पाण्याने धातू खाऊ नये म्हणून बसवलेली जस्ताची वडी आपणच झिजून संपते. ती वेळेवर बदलली नाही तर पाणी पुढचा धातू खाऊ लागते. डिझेलमध्ये पाणी शिरले की नोझल खराब होतात. वॉरंटीच्या कागदाचे मागचे पान वाचा. रबरी भाग, गाळण्या, पट्टे, गंज, अशुद्ध इंधन, हे सारे सहसा ‘वगळले आहे’ या सदरात सापडते. म्हणजे जे बहुधा मोडणार, ते कागदाबाहेर; आणि जे क्वचित मोडते, ते कागदात!

दुसरी गोष्ट दिवसांची. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे झाले ६१ दिवस. दोन वर्षांच्या वॉरंटीतले १२२ दिवस, म्हणजे चार महिने, होडी शाकारलेलीच असते. वॉरंटी मात्र तारखेप्रमाणे संपत जाते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. समजा, वाढीव वॉरंटीचे ४०,००० रुपये पडतात आणि तिच्यात बसणारी मोठी दुरुस्ती दीड लाखाची आहे. मग दर चार इंजिनांपैकी एकाहून अधिक इंजिनांत तसा बिघाड त्याच मुदतीत होणार असेल, तरच हा सौदा परवडतो. तेवढी इंजिने खरोखर बिघडत असती, तर विक्रेत्याने ही किंमत लावलीच नसती. शिवाय होडी उभी राहून बुडालेल्या मासळीचे पैसे यातून मिळत नाहीत.

कागद घेतला नाही म्हणून माणूस अगदी उघडा पडतो, असेही नाही. सदोष मालाबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. धंद्यासाठी वस्तू घेणारा एरवी ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेणाऱ्याला कायद्याने त्यातून सूट दिली आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारणपणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जावे लागते. त्यासाठी बिल आणि सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवल्या पाहिजेत.

मग वाढीव वॉरंटी कधीच घेऊ नये का? घ्यावी, पण चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर. हमी इंजिन बनवणाऱ्याची आहे की मधल्याच कोणाची? रोजच्या मासेमारीला ती लागू आहे का? मेकॅनिक धक्क्यावर येईल, की इंजिन उतरवून आपण न्यायचे, आणि तो खर्च कोणाचा? सुटा भाग किती दिवसांत मिळेल? ही उत्तरे समाधानाची असतील, आणि अडीनडीला दीड लाख उभे करण्याची कोणतीच सोय घरात नसेल, तर ४०,००० भरून शांत झोप घेण्यात गैर काही नाही.

भाच्याच्या कागदात बारीक अक्षरांत लिहिले होते, की धंद्याच्या वापरासाठी मुदत निम्मी. उरलेल्या प्रश्नांना तोंडीच उत्तरे मिळाली. मी त्याला नको म्हणालो. तेवढीच रक्कम त्याने बँकेत इंजिनाच्या नावाने वेगळी ठेवावी, त्यातून एक जादा रबरी पंखा आणि जस्ताच्या वड्या घेऊन होडीतच ठेवाव्यात, असे ठरले. इंजिन नीट चालले तर ती रक्कम त्याचीच राहील. बिघडले, तर दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावताना कोणाची मंजुरी लागणार नाही. पथ्य एकच: घरात लग्न निघो की घराचे छप्पर गळो, त्या खात्याला हात लावायचा नाही. हे पथ्य ज्याला पाळता येणार नाही, त्याने मात्र वॉरंटीचा कागद पुन्हा एकदा वाचावा.