म्हातारा कुत्रा खात नाही, सतत उलट्या करतोय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. दुखणं नेमकं कुठलं ते असं ओळखा

नांदेड : लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, गाढवं, उंटांच्या बाजाराइतकंच इथलं श्वान प्रदर्शनही गर्दी खेचतं. शिडशिडीत अंगाचे, लांब तोंडाचे कारवानी आणि पश्मी ऐटीत चालताना लोक मोबाईल काढून उभे राहतात. या मैदानात म्हातारा कुत्रा मात्र क्वचितच दिसतो. तो घरी दाराशी पडून असतो.

यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी वेळ अमावस्या. लातूर आणि आसपासच्या भागात सगळं घर शेतात जातं. भज्जी, आंबिल, खीर, बाजरीची भाकरी. राखणीच्या कुत्र्यालाही पान वाढलं जातं, आणि प्रेमाने जरा जास्तच वाढलं जातं. तरुण कुत्रा ते पचवून टाकतो. दहा-बारा वर्षांचा कुत्रा रात्री उलट्या करतो, सकाळी पातळ शी करतो आणि दोन दिवस ताटाकडे बघत नाही. घरात त्यावर ठरलेलं वाक्य असतं : ‘वय झालंय त्याचं.’

अडचण इथेच आहे. वय झाल्यामुळे पचन थोडं मंदावतं हे खरं, पण आठवडाभर चाललेल्या उलट्या, महिनाभर सुरू असलेले जुलाब किंवा उतरत चाललेलं वजन यामागे बहुतेक वेळा एखादा नाव असलेला आजार असतो. त्यातले बरेच आजार आटोक्यात ठेवता येतात, वेळेत कळले तर.

कितव्या वर्षी म्हातारा?

‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सोपा आहे, पण चुकीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासून एक सूत्र मांडलं : वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा, त्याला १६ ने गुणा आणि ३१ मिळवा. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तर १० वर्षांचा लॅब्रॅडॉर साधारण ६८ वर्षांच्या माणसाएवढा निघतो. इतर जातींना हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. ढोबळमानाने, मोठ्या अंगाची कुत्री सातव्या वर्षाच्या आसपास आणि छोटी दहाव्या वर्षाच्या आसपास म्हातारपणात शिरतात. तिथून पुढे वर्षातून दोनदा तपासणी हवी, असं पशुवैद्यक सांगतात.

उलटी पोटातून, आजार दुसरीकडे

उलटी झाली म्हणजे पोट बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण म्हाताऱ्या कुत्र्यात उलटीचं मूळ अनेकदा पोटाबाहेर असतं. मूत्रपिंड निकामी होऊ लागलं की रक्तात साठलेली घाण मळमळ वाढवते. कुत्रा पाणी जास्त पितो, लघवी जास्त करतो, तोंडाला उग्र वास येतो आणि खाणं बंद होतं. यात फसगत अशी की मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन वाढत नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा लाल दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

यकृताचे आजार, मधुमेह, गर्भाशयात पू होणं (वयस्कर, नसबंदी न झालेल्या मादीत हे हमखास तपासावं), पोटातल्या गाठी या सगळ्यांची सुरुवात ‘खात नाही, ओकतो’ अशीच होते. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते, गोचीड. गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकियासारख्या तापात कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, कधी नाकातून किंवा शीमधून रक्त जातं. घरचे पोटावर उपचार करत बसतात आणि आजार रक्तात असतो. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

दातांकडे तर कुणी बघतच नाही. किडलेले, हलणारे दात असले की कुत्रा भुकेला असूनही ताटापाशी येऊन मागे फिरतो. त्याला भूक नाही असं समजून पोटाचं औषध सुरू होतं.

खुद्द पोटाच्या आजारांत तीन नावं लक्षात ठेवण्यासारखी. पहिलं, स्वादुपिंडाची सूज. मटणाचा तेलकट रस्सा, चरबी, तळण खाल्ल्यानंतर हा त्रास उफाळू शकतो. कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर धरतो, जणू दंडवत घालतोय. पोटात कळ असल्याची ती खूण आहे. दुसरं, आतड्याची जुनाट सूज. तीन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब किंवा उलट्या म्हणजे जुनाट दुखणं असं पशुवैद्यकात धरतात. यात आधी आहार बदलून पाहतात, बऱ्याच कुत्र्यांना तेवढ्यानेच फरक पडतो. तिसरं, स्वादुपिंडातून पाचक रस कमी येणं. कुत्रा अधाशासारखा खातो, तरी हाडं दिसायला लागतात, शी भरपूर आणि तेलकट होते. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त आढळतं. पाचक विकरांची पूड जेवणात कालवून दिली की अशी कुत्री अनेक वर्षं चांगली जगतात, फक्त ती आयुष्यभर द्यावी लागते.

शीचा फोटो काढा, लाजू नका

डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट घरात प्रत्येकाच्या खिशात आहे. उलटीचा व्हिडिओ आणि शीचा फोटो. उलटी करताना कुत्र्याचं पोट आत-बाहेर होतं, जोर लागतो. अन्न नुसतंच, जोर न लावता, खाल्ल्याखाल्ल्या जसंच्या तसं बाहेर पडलं तर तो अन्ननलिकेचा प्रश्न असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. हा फरक शब्दांत सांगताना हमखास गोंधळ होतो, व्हिडिओत लगेच दिसतो.

शी भरपूर, पातळ आणि सोबत वजन घटतंय तर लहान आतड्याचा संशय येतो. थोडी-थोडी, वारंवार, कुंथून, शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा ताजं लाल रक्त असेल तर मोठ्या आतड्याचा. डांबरासारखी काळी शी म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. २० किलोच्या कुत्र्याचं २ किलो वजन घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो घटण्यासारखं आहे. केसाळ कुत्र्यात ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं.

घरातली गोळी

या सगळ्या विषयात टाळता येण्याजोगं सर्वात मोठं नुकसान इथे होतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, तो लंगडतो. घरात गुडघेदुखीची गोळी असतेच. अर्धी मोडून पोळीच्या तुकड्यात दिली जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडाला इजा होते, जठराला भोकही पडू शकतं. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृतावर बेततं. मग लंगडणं राहतं बाजूला आणि काळी शी सुरू होते. (डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठीचा वापर भारतात २००६ मध्ये बंद झाला, तो मेलेल्या जनावरांतून हे औषध पोटात जाऊन गिधाडं मरत होती म्हणून. माणसांची गोळी मात्र मेडिकलवर मिळतच राहिली.) कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामकं आहेत, पण तीही मूत्रपिंडाची तपासणी करून आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

जुलाब थांबवायची माणसांची गोळी आणि उरलेलं अँटिबायोटिक, दोन्हींबाबत तेच. साध्या जुलाबांत बहुतेक कुत्र्यांना अँटिबायोटिक लागत नाही, उलट आतड्यातले उपयोगी जंतू मरतात.

मग खायला काय द्यायचं?

‘आमचा दहा वर्षं दूध-भाकरीवरच वाढला,’ हे प्रत्येक गल्लीत ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. पण दुधातली साखर पचवणारं विकर वाढत्या वयाच्या कुत्र्यात कमी असतं, त्यामुळे जुलाब सुरू असताना दूध पहिलं बंद. एरवी पचत असेल तर थोडं दही-ताक चालतं, त्यात ही साखर कमी असते.

पोट बिघडलेलं असताना मऊ शिजवलेला भात आणि बिनहाडाचं, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन हा साधा, चालणारा आहार. त्यात मीठ-मसाला नाही आणि कांदा-लसूण अजिबात नाही. या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून वेळ अमावस्येची भज्जीही त्याच्यासाठी नाही. मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं हेही नको. दिवसातून दोनदा पोटभर देण्याऐवजी चारदा थोडं-थोडं द्यावं. अन्न किंचित कोमट केलं की वास सुटतो, म्हाताऱ्या नाकाला तो लागतो. भात-चिकन चार-पाच दिवसांपुरतं ठीक, कायमचं केलं तर जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडतात. नवा आहार सुरू करताना आठवडाभर जुन्यात मिसळत जायचं.

म्हातारपण आलं म्हणून मांस-अंडी बंद करायची घाई बरीच घरं करतात. मूत्रपिंडाचा आजार सिद्ध झालेला नसताना प्रथिनं तोडली तर स्नायू झडतात आणि कुत्रा उठेनासा होतो. हा निर्णय रिपोर्ट बघून घ्यायचा.

मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा जुलाबांचा धोका दुप्पट समजावा. हिरड्यांवर बोट टेकवा : ओलसर, गुलाबी असतील तर ठीक. दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी कोरडी, चिकट किंवा फिकट असेल तर सलाईनची गरज असू शकते.

या वेळी थांबायचं नाही

कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय, पण काहीच बाहेर येत नाही, पोट फुगून ढोलासारखं झालंय, अस्वस्थ आहे, लाळ गळतेय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या जातींत याचा धोका जास्त. काही तासांत जीव जातो आणि उपाय शस्त्रक्रिया हाच. अशा रात्री कुठे जायचं हे आधीच ठरलेलं बरं. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं उदगीर आणि परभणीला आहेत, दोन्हीकडे जनावरांचा दवाखाना आहे. रात्री कोण भेटेल, सोनोग्राफी कधी असते, हे शांत दिवसात फोन करून विचारून ठेवावं. १९६२ ही हेल्पलाइन फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची आहे, तिचा मुख्य भर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर आहे.

औषधाने फरक पडेना तेव्हा

काही दुखणी बरी होत नाहीत. अमेरिकेतल्या पशुवैद्यक ॲलिस विलालोबोस यांनी अशा जनावरांच्या घरच्यांसाठी सात प्रश्नांची एक मोजपट्टी केली : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. घरात तिघांनी वेगवेगळे गुण लिहिले तर आकडे जुळत नाहीत, आणि जो त्याची शी काढतो, रात्री उठून त्याला बाहेर नेतो, त्याचे गुण बहुधा सगळ्यात कमी असतात. त्याचं आधी ऐकावं. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली मारत गेलं तर महिन्याभरात चित्र दिसतं.

वेदनारहित मरण देण्याचं इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. कुत्रा आधी झोपतो, मग हृदय थांबतं. घरच्यांना जवळ बसता येतं, डॉक्टरांना तसं आधी सांगावं. शेतात पुरायचं असेल तर खड्डा खोल हवा आणि विहिरीपासून लांब, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावरालाही मारू शकतं.